दादाचा डावा अंगठा

आमच्या गल्लीत लाइट गेली की कळायला दिव्याकडे बघावं लागत नसे. घराच्या मागच्या भिंतीला लागून शेजारच्या चाचांचा पावरलूमचा कारखाना होता, त्याच्या पलीकडे आणखी दुसऱ्यांचे. दिवसभर त्यांची खटखट चाले. लाइट गेली की ती एकदम थांबे आणि त्या शांततेनेच माणूस दचके. भर दुपारी, दिवेपंखे बंद असताना, न्हाणीघरातून आईची हाक येई, "लाइट गेली वाटते, मोटरचं बटन बंद कर!" बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागत नसे आणि आम्हाला तो थांबला की जाग येई. इतवारा बाजाराकडच्या आमच्या भागात वाढलेली सगळीच माणसं अशी कानांनी लाइट बघणारी होती. दादाही त्यातलाच.

दादा माझा मोठा भाऊ. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होता. त्याचं काम मला कधीच नीट कळलं नाही, पण त्याचा नाद मात्र चांगला ठाऊक होता. हातात मावेल एवढं, काळं, चकचकीत असं गेम खेळायचं यंत्र त्याने नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला घेतलं आणि त्यानंतर कुठलीच दिवाळी धड गेली नाही. आई विचारी, "अनारसे कसे झाले?" हा खाली मान घालून म्हणे, "हं." मी तर एकदा त्याच्या हातातून ते ओढून तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. मला सर्वांत राग यायचा त्याच्या डाव्या अंगठ्याचा. यंत्राच्या डाव्या बाजूला एक छोटी सरकती चकती होती, तिच्यावर तो अंगठा सारखा गोल गोल फिरे. जेवताना यंत्र काढून घेतलं तरी अंगठा मांडीवर फिरतच असायचा. मी त्याला म्हणायची, "लग्नाच्या मांडवातसुद्धा तुझा अंगठा हेच करणार."

मग तो आजारी पडला. आधी पायांत मुंग्या, मग पायऱ्या चढवेनात, मग हात उचलवेना, आणि हे सगळं इतक्या भराभर झालं की बाबा पुण्याला पोचले तोवर त्याला श्वासासाठी मशीन लावलं होतं. नसांचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले. डोकं शाबूत आहे, नसा हळूहळू जुळतील, ताकद परत येईल, पण कधी आणि कुठून आधी येईल ते सांगता येणार नाही. मोठा मुक्काम दवाखान्यात झाला. पुढे त्याचा तो श्वास घेऊ लागला, तेव्हा त्याला घरी न्या म्हणाले. गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी मात्र तशीच राहिली. त्या नळीमुळे तोंडातून आवाज फुटत नव्हता. मान वळत नव्हती, ओठ नीट हलत नव्हते. डोळे तेवढे त्याचे होते.

आतल्या खोलीत त्याचा पलंग टाकला, कारखान्याच्या भिंतीकडेच, कारण दुसरी खोली नव्हती. पलंगाशेजारी सक्शन मशीन. नळीत कफ साठला की ती घरघरायला लागे, मग मशीन सुरू करून बारीक पाइपने कफ ओढून काढायचा. दवाखान्यातल्या नर्सने आईला आणि मला ते शिकवून पाठवलं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाइप माझ्या हातातून निसटला. कफ निघायला उशीर झाला तर काय होईल हे नर्सने सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

मशीन लाइटवर चालायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टर होता, जुना, पण होता. घरी आणून आठवडाही झाला नसेल, एका सकाळी लूम थांबले. आम्ही म्हटलं, येईल. तास गेले, लाइट आली नाही. दादाची नळी घरघरली, आईने मशीन लावलं, ते जरा वेळ चाललं आणि रडल्यासारखा आवाज करत बंद पडलं. इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती. आईने मोठी सिरिंज घेतली आणि हाताने कफ ओढायला लागली. थोडा यायचा, बराच राहायचा. बाबा चपला न घालता जनरेटर शोधायला पळाले. मी दादाचं डोकं धरून उभी होते आणि त्याचे ओठ जांभळे होताना बघत होते. त्याचे डोळे माझ्यावर होते.  आणि मग भिंतीपलीकडे खटखट सुरू झाली. आधी एक लूम, मग दुसरा, मग सगळे. आईने झडप घालून मशीनचं बटन दाबलं. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी नवी, मोठी बॅटरी आणून बसवली, बाहेरच्या खोलीत, जिन्याखाली. बसवणारा म्हणाला, नुसतं हे मशीन असेल तर दिवसरात्र चालेल. आईने नियम केला, इन्व्हर्टरच्या बोर्डात मशीनशिवाय दुसरी पिन जायची नाही. मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. बाबांनी एकदा चुकून रेडिओ लावला तर तिने असा काही आवाज काढला की समोरच्या घरातल्या वहिनी धावत आल्या. नव्या बॅटरीचं कौतुक गल्लीभर झालं. जो भेटायला येई त्याला बाबा आधी जिन्याखाली नेऊन बॅटरी दाखवत. आणि आम्ही निर्धास्त झालो. लाइट गेली काय, आली काय, लूमकडे कान देणंच आम्ही सोडून दिलं. थंडीचे दिवस होते, पंखे बंद होते, दिवसा लाइट गेलेली आमच्या ध्यानातही येत नसे.

पण दादाला काहीतरी व्हायला लागलं. कधी सकाळी, कधी दुपारी, मध्येच त्याच्या कपाळावर घाम यायचा. डोळे मोठे व्हायचे, श्वास भराभर चालायचा, नळी घरघरायला लागायची. छातीला कान लावावा तर धडधड नुसती. ताप नाही, काही नाही. कधी थोड्या वेळाने आपोआप थांबायचं, कधी बराच वेळ चालायचं. शुक्रवारी दुपारी तर हमखास. आईने पक्कं ठरवलं की नजर लागली. एकदा मी बाहेरून आले तर ही बाई मिरच्या घेऊन निखाऱ्यापाशी बसलेली.

"गळ्याला भोक असलेल्या माणसासमोर मिरच्या जाळते तू?" मी ओरडले.

"मंग काय करू?" ती पण ओरडली. "त्याले काय होऊ राहिलं, सांग ना माले! तू तर शिकेल आहे ना? सांग!"

मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, अशा आजारात भीती वाटते, धीर द्या. आम्ही धीर द्यायचो म्हणजे काय करायचो, तर विचारत सुटायचो. हो असेल तर डोळे मिट, नाही तर उघडे ठेव, अशी खूण ठरली होती. दुखतं का? उघडे. भूक? उघडे. पाठ खाजते? कूस बदलू? पाय ओढू? गरम होतं? थंडी वाजते? डोळे उघडेच, आणि त्यांतून पाणी वाहत कानांत जायचं. भीती वाटते का, असंही आईने एकदा विचारलं. त्याने डोळे मिटले. कशाची, तर त्याला खुणेत उत्तर नव्हतं. मग बाबा अक्षरं म्हणायला लागले. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यांची सगळ्या गोष्टींवर एकच रीत, पहिल्यापासून सुरू करायचं. क, ख, ग, घ. पाहिजे ते अक्षर आलं की दादाने डोळे मिटायचे. पण दम लागलेल्या माणसाच्या पापण्या अशाही मिटतात. पहिल्या दिवशी "लघळ" असं काहीतरी निघालं आणि बाबा अर्धा तास त्याचा अर्थ लावत बसले. पुढे पुढे बाबांनी क म्हटलं की दादा डोळे मिटून घ्यायचा ते उघडायचाच नाही.

रात्री मला वाटायचं, तो आत अडकलाय आणि दार आतून ठोठावतोय, आणि आम्ही बाहेर उभे राहून चहा हवा का म्हणून विचारतोय.

एका सकाळी मी त्याचं पांघरूण सारखं करत होते. त्याचा डावा अंगठा हलला. आई म्हणाली, थरथर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, होते अशी. मी बघत राहिले. थरथर नव्हती ती. अंगठा गोल फिरत होता. हळू, अगदी थोडा, पण गोल. मी सगळ्या जन्मात ज्या अंगठ्यावर चिडले तोच तो. मी दादाकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता.

त्याचं यंत्र पुण्याहून आलेल्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळलेलं सापडलं. मी घरी कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायची, शाळांचे पेपर, केळीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, त्यामुळे कॉम्प्युटर होता आणि नुकतंच इंटरनेटही आलं होतं. माझ्या मनात एवढंच होतं की दादाने जर त्या चकतीवर अंगठा फिरवला, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण हलवता येईल का? बाण हलला तर पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्या दाबता येतील, आणि मग क, ख, ग करायला बाबांची गरज नाही. माऊस त्याच्या हाताखाली ठेवून बघितला होता, तो तसूभरही सरकला नाही.

शोधलं तर कळलं, होतं असं. पण कंपनी देत नाही. जगभर कुठे कुठे बसलेली हौशी पोरं स्वतःच अशी सॉफ्टवेअरं लिहितात आणि फुकट वाटतात, त्याला होमब्रू म्हणतात. यंत्रात एक प्रोग्रॅम टाकायचा, कॉम्प्युटरमध्ये दुसरा, दोघांना तारेने जोडायचं, की यंत्राची चकती म्हणजेच माऊस. मला एवढा आनंद झाला की मी आईला मिठी मारली. मग पुढचं वाचलं. होमब्रू चालावं म्हणून आधी यंत्राची मूळ सिस्टम पुसून तिथे दुसरी बसवावी लागते. ती बसत असताना वीज गेली तर यंत्र कायमचं मेलं. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं, यंत्राची वीट होईल. खाली कोणीकोणी आपापल्या विटांच्या कहाण्या लिहिल्या होत्या, आणि मी मूर्खासारखी त्या सगळ्या वाचून काढल्या.

यंत्राची स्वतःची बॅटरी फुगून बसली होती. तार लावलेली असेल तोवर ठीक, तार काढली की दिवा विझे. म्हणजे मधे लाइट गेली तर संपलंच. दुसरं यंत्र आणायचं म्हणजे पुण्यामुंबईचा कोणी गाठायला पाहिजे, आणि तोवर दादाचं काय? आणि दुसऱ्या यंत्रात हा उद्योग चालेलच याचीही खात्री नव्हती, प्रत्येकाची जात वेगळी असते म्हणे. मी आईला म्हटलं, थोडाच वेळ लागतो, इन्व्हर्टरच्या बोर्डात पिन लावू दे.

"नाही."

"अगं, एकदाच."

"त्या बोर्डाला हात लावशील तर पाह्य," ती म्हणाली. "त्याचा श्वास आहे तिथं. खेळण्यासाठी नाही देणार."

मी पाय आपटले, पण खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं. त्या बोर्डाकडे बघितलं तरी जांभळे ओठ आठवायचे. तेव्हा साध्या लाइटवरच करायचं ठरलं. मग दिवस निवडायला बसले. सकाळचं ठरलेलं भारनियमन संपल्यानंतरची वेळ बरी. शुक्रवार नको, कारण शुक्रवारी दुपारी नमाजासाठी कारखाने बंद, मग लाइटची राखण कोण करणार? लूम चालू असतील तर मला जिवात जीव राहील, असं माझं गणित होतं. मी गुरुवार धरला.

त्या दिवशी मी कॉम्प्युटर उचलून दादाच्या पलंगापाशी आणला. त्याला सगळं सांगितलं नाही. होईल की नाही याची खात्री नव्हती, आणि आशा लावून वीट हातात द्यायची मला हिंमत नव्हती. त्याला एवढंच म्हटलं, "तुझं खेळणं साफ करतेय." बाबा शाळेत गेले होते. आई स्वयंपाकघरात होती. भिंतीपलीकडे लूम खटखटत होते आणि त्या दिवशी, कितीतरी आठवड्यांनी, मी पुन्हा कान देऊन ते ऐकत होते. यंत्राला तार लावली. यंत्राच्या पडद्यावर विचारणा आली, पुढे जायचं का? मी हात ओढणीला पुसला आणि बटन दाबलं.

एक रेघ उमटली आणि डावीकडून भरायला लागली. इतकी सावकाश, की ती भरतेय की नाही तेच कळेना. वर इंग्रजीत, बंद करू नका.  अर्धी झाली. अर्ध्याच्या जरा पुढे गेली.

आणि लूम थांबले.

एक नाही, दोन नाही, सगळे. चाचांचे, त्यांच्या पलीकडचे, दूरचे.  मी डोळे गच्च मिटून घेतले. गेलं, संपलं, वीट झाली, हाच एक विचार. काही वेळाने एक डोळा उघडून बघितलं तर पडदा उजळलेला होता. चार्जरचा बारीक दिवा लागलेला. रेघ भरत होती. मला कळेचना. लाइट होती, आणि लूम बंद होते. पण माझ्या अंगाला ते पटत नव्हतं, मन म्हणत होतं आता जाईल, या क्षणी जाईल. दिवा समोर जळताना दिसत असूनही मी थरथरत होते.

मागच्या दाराशी चाचांचा आवाज आला. ते आईशी बोलत होते. "भाभी, पिछली गली में इंतकाल हो गया है। जनाजा उठने तक सब लूम बंद रहेंगे। भाईजान को बता देना।" आई अरे देवा म्हणाली, कोण गेलं, कसं गेलं, विचारायला लागली. मी दादाकडे वळले.

त्याला तेच होत होतं. घाम, मोठे डोळे, भराभर श्वास. नळी घरघरायला लागली. मी आईला हाक मारली. ती चाचांना तसंच सोडून धावत आली, मशीन लावलं, पाइप आत घातला. कफ निघाला, बराच निघाला, पण दादाचं थांबेना. छाती वरखाली होत होती आणि डोळे आईवरून मशीनवर, मशीनवरून आईवर. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती रेघ. मी दोन्हींच्या मधे उभी, आणि दोन्हीकडे माझ्या हातात काहीच नाही.

"आज शुक्रवार बी नाही," आई रडायलाच आली. "आज कायले रे बापा? आज काय झालं?"

रेघ पूर्ण भरली. यंत्र बंद होऊन आपोआप परत सुरू झालं, आणि पडद्यावर जे यायला हवं होतं ते आलं. मला आनंद करायला वेळ नव्हता. मेमरी कार्डात प्रोग्रॅम आधीच टाकून ठेवला होता, तो सुरू केला, कॉम्प्युटरमधला सुरू केला, दोघांमध्ये तार जोडली. कॉम्प्युटरने पहिल्यांदा यंत्र ओळखलंच नाही. मी त्या कॉम्प्युटरला आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला, जो कोणी असेल त्याला, मनातल्या मनात नको ते बोलले. तार काढून दुसऱ्या भोकात लावली. मग टुण्‌ असा आवाज झाला. टॉवेलची गुंडाळी करून यंत्र दादाच्या हाताखाली ठेवलं, चकतीवर त्याचा अंगठा ठेवला, जुन्या पदराच्या चिंधीने सैल बांधला. पडदा त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा, उशांच्या ढिगावर. त्याच्यावर इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. बाण ज्या पाटीवर जरा वेळ थांबेल ती आपोआप उमटेल, असं लावून ठेवलं होतं.

"दादा," मी म्हटलं, "अंगठा फिरव. जसा फिरवायचास तसा. काय होतंय ते सांग."

बाण पडद्याच्या कोपऱ्यात पळाला. मग दुसऱ्या कोपऱ्यात. आई म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "गप्प बस, आई, तोच करतोय." दादाचे डोळे बाणावर खिळले. त्याचा श्वास अजून भराभर चालला होता, पण अंगठा, त्या सगळ्या अंगात एकटा अंगठा, आपलं काम ओळखून होता. बाण हळू झाला. डगमगत एका पाटीवर आला, सटकला, परत आला, थांबला. एक अक्षर उमटलं. मग दुसरं. भलतंच एक मधे आलं, ते तसंच राहिलं. मी वाचत नव्हते, मला दिसतच नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं. बाबा शाळेतून आले, चपला काढता काढता दारातच उभे राहिले.  मागे कारखाने बंद, घरात मशीनही बंद, इतकी शांतता आमच्या घरात मी कधी ऐकली नव्हती.

अक्षरं इंग्रजी होती आणि भाषा आमचीच. बाबांनी ती मोठ्याने वाचली.

"लाइट गेली का."

आई आधी हसलीच. इतके दिवस काय काय मनात आणलं होतं तिने, आणि हा विचारतोय लाइट. "नाही रे राजा," ती म्हणाली, "लाइट आहे. मागच्या गल्लीत मय्यत झाली, म्हणून लूम बंद आहेत." दादाचे डोळे तिच्यावरून परत पडद्याकडे गेले. अंगठा फिरायला लागला. या वेळी जास्त वेळ लागला, आणि आम्ही तिघंही एकमेकांना धरून ते एक एक अक्षर उमटताना बघत होतो.

"इन्व्हर्टर बंद पडेल."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि बाबांच्याही पडला असावा, कारण त्यांनी दाराची चौकट धरली. शुक्रवारची दुपार. सकाळचं भारनियमन. त्याला वार कळत नव्हता, दिवा दिसत नव्हता, मान वळत नव्हती. त्याला फक्त भिंत ऐकू येत होती. भिंत गप्प झाली की मशीन रडत रडत बंद पडणार, आई सिरिंज घेणार, आणि तो दिवस पुन्हा येणार. मी नुसत्या एका यंत्रासाठी, दिवा समोर जळत असताना, त्या शांततेने थरथरले होते. तो तिथे दिव्याशिवाय पडून होता.

"अरे, नवी बॅटरी आणली ना!" बाबा घाईघाईने म्हणाले. "मोठी! दिवसरात्र चालते. मशीन बंद पडणारच नाही आता. जिन्याखाली आहे, सगळ्यांना दाखवली मी, सगळ्यांना..." ते बोलता बोलता थांबले.

दादा बाबांकडे बघत होता. मग अंगठा हलला. एकच शब्द होता, छोटा.

"कधी."

 मशीन बंद पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एवढंच बाबांना सांगायचं होतं. ते त्यांना सांगता येईना. तेव्हा थंडी नुकती पडत होती, आणि आता संक्रांतही होऊन गेली होती. आई पलंगाच्या कडेला बसली. तिने चिंधी बांधलेला त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, यंत्रासकट.

"तू रोज..." ती म्हणाली. "रोज तुले असं वाटे का रे? का आता मरतो म्हणून?"

यंत्र तिच्या हातांखाली दबलं होतं, अंगठा हलायला जागा नव्हती. दादाने तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.